'सेट'चे एकोणीस उपयोग आणि गौरीचा मामा

हिमायतनगर, हैदराबाद

चि. सौ. कमल हीस,

रामदादाचे आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. गुडघा आपल्या जागी दुखतो आहे, साखर औषधांच्या धाकात आहे. तुझी पाठ कशी आहे हे विचारायला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा देवराव म्हणाले, ती देवघरात आहे. (संसार सोडून तू इतकी पूजा कधीपासून करायला लागलीस?) काल त्यांच्याकडूनच कळलं, की लग्नात गौरीच्या मागे मामा म्हणून सुरेश उभा राहणार. चुलतभाऊ म्हणून सुरेश चांगलाच आहे, पण सख्खा मामा अजून जिवंत आहे.

चूक माझी, कबूल. गौरीची इंग्रजी पत्रिका आली, तिच्यात मुहूर्त 'सेट' झाल्याचं वाचलं आणि मला एकदम आपले रविवार आठवले. अप्पा कचेरीचे कागद बाजूला सारून एक इंग्रजी शब्द द्यायचे आणि आपण घरभर हिंडून त्याचे उपयोग गोळा करायचो. 'सेट'च्या रविवारी मी रेडिओ सेट, आईच्या कपबश्यांचा सेट, टेनिसचा सेट अशी शहाणी यादी केली (मास्तर व्हायची लक्षणं तेव्हापासूनच). तू सात वर्षांची. तू म्हणालीस, सेट म्हणजे हॉटेलात एका बशीत येणारे तीन डोसे, आणि दादाने एक खाल्ला की तो सेट राहत नाही. अप्पा इतके हसले की आईला पाणी आणावं लागलं. बक्षीस तुला मिळालं आणि मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. आता अप्पा नाहीत, आई नाही. तो रविवार आठवणारे जगात आपण दोघंच उरलोय.

तर पत्रिका हातात, लाल पेन खिशात (अडतीस वर्षांची सवय). मागच्या कोऱ्या बाजूवर मी एकोणीस उपयोग लिहून काढले. पार्लरात केस सेट होतात, परीक्षेचे पेपर मी सेट करायचो, आणि आमच्या हैदराबादेत तर नोकरी, सोयरीक, भांडण, सगळंच सेट होतं. पुढच्या बाजूच्या दोन चुकाही दुरुस्त केल्या आणि पत्रिका तुला परत धाडली. वाटलं, तू हसशील. पाकीट नेमकं व्याह्यांसमोर उघडलं जाईल हे मला काय ठाऊक? आणि त्यात आशीर्वादाची एक ओळसुद्धा नाही, हे तू रागावल्यावर माझ्या लक्षात आलं. कमल, मला खरंच लाज वाटते.

कोपऱ्यावरच्या डोसेवाल्याला मी हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "लाइट लेओ साब, बहनाँ ऐसेच रहते." (म्हणजे मनाला लावून घेऊ नका.) मला ते जमलं नाही. डोसा तसाच टाकून घरी आलो.

देवरावांना नमस्कार. गौरीला उशिरा का होईना, पोटभर आशीर्वाद.

तुझा,
रामदादा

ता. क. नुसती माफी मागायला एवढं लिहिलं नाही. नांदेडचं तिकीट काढून ठेवलंय. मंगलाष्टकं कितीही लांबली तरी मी उभा राहीन आणि भटजींची एकही चूक काढणार नाही. मला गौरीच्या मागे उभं राहू दे.

ता. क. २. पत्र टाकायला निघालो तोच गौरीचा फोन आला. मामाच्या फेट्यासाठी डोक्याचं माप हवंय म्हणे. तिच्या आईने विचारायला सांगितलं, आणि आईने सांगितलं हे सांगू नकोस असंही सांगितलं. माप साडेबावीस इंच. गौरी मला काही बोललेली नाही.