चार दिवस शून्य पावलं

गुरुवार, संध्याकाळ, वर्धा

दुपारी घाबरले होते, आता हसू येतंय. तरी एक गोष्ट खुपतेच आहे.

आमच्या कंपनीचं टूल मनगटावरच्या घड्याळातली पावलं, झोप, ठोके काढून एआय एजंटला देतं. ते कसं वापरायचं, याच्या सूचना एजंटसाठी लिहून ठेवणं माझं काम. उदाहरण खरं हवं म्हणून आंजीला, गावी राहणाऱ्या बाबांना मी दिलेलं घड्याळच जोडलं. एजंटला विचारलं, बाबा कसे आहेत? उत्तर आलं: चार दिवस शून्य पावलं, अजिबात हालचाल नाही, डॉक्टरांना दाखवा.

लगेच फोन लावला. बाबा वावरातून धापा टाकत बोलले, "काय झालं वं?" घड्याळ कुठंय, विचारलं. "कपाटात. नवी घडी वावरात कायले खराब करू? लग्नाले घालीन."

एजंटची काय चूक? सूचनांमध्ये मीच लिहिलं होतं, 'शून्य म्हणजे हालचाल नाही.' शेतकऱ्याच्या घरची मी, असं लिहिलंच कसं? खोडून लिहिलं: 'शून्य म्हणजे घड्याळ काढून ठेवलेलंही असू शकतं. आधी माणसाला विचारा.'

वाक्य बरं जमलं. पण ते चार दिवस... फोन ठेवताना बाबा सहज म्हणाले, "बरं केलं फोन केला. रविवारपासून तुहा आवाज नाई आयकला."

रविवार ते गुरुवार. घड्याळ कपाटात होतं, माझा फोन तर हातातच होता. बाबांचं शून्य खोटं निघालं. माझं मात्र खरं.