बावलीचा इलाज

तीर्थस्वरूप बंडोमामांस,

(वडिलांना तीर्थरूप आणि मामांना तीर्थस्वरूप, हे आईला दोनदा विचारून लिहिले आहे.) विजयाचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. आपला दमा कसा आहे? मामींची कंबर? इकडे सगळे बरे आहेत, आणि जे बरे नव्हते तेही सरकारकृपेने बरे होत आहे. आपण कचेरीत कारकून, तेव्हा माझे आभार आपल्यामार्फतच पोचावेत म्हणून सगळी हकीकत लिहिते.

आमची बारव आपण पाहिली आहे. लोक पायऱ्यांनी थेट पाण्यात उतरतात, पाय धुतात, तेच पाणी भरून नेतात, आणि दर उन्हाळ्यात घरोघर पायांतून नारूचा लांब किडा निघतो. शेजारच्या अमीरबी खालांच्या पायातून यंदा दोन निघाले. दोन महिने त्या बाजेवर होत्या. मी गाळलेल्या पाण्याची घागर नेऊन देई, तर म्हणायच्या, "बेटी, मला काहून पाणी पाजून राहिली? त्या पाण्यालाच दवा पाज." म्हणून मी अर्ज केला. शाळा मी पाहिलेली नाही, कचेरीची उर्दू बाबांनी घरीच शिकवलेली. एकेक अक्षर चारदा गिरवले. अर्ज आखूड असावा असे बाबा सांगतात, म्हणून एवढेच लिहिले, की आमच्या गावची बावली फार बिघडली आहे, साऱ्या गावाला तकलीफ आहे, तरी दवेचा बंदोबस्त व्हावा. खाली माझे नाव.

(बारवेला उर्दूत बावली म्हणतात. वेड्या बाईलाही बावलीच म्हणतात. हे मला ठाऊक होते, पण लिहिताना डोळ्यांपुढे फक्त पाणी होते.)

कचेरीने हुकूम लिहून अर्ज दवाखान्याकडे पाठवला. वेडे माणूस आणायचे तर पोलीस हवेत, म्हणून दवाखान्याने तो ठाण्याकडे पाठवला. बाईमाणूस आहे, म्हणून ठाण्याने दाईसाठी परत दवाखान्याकडे. कामाला कुणी नाही म्हटले नाही, हे मुद्दाम लिहिते. एका बुधवारी दारात बैलगाडी उभी राहिली. गाडीत जमादार फुलसिंग, कंपौंडर कय्युमसाहेब, एक दाई, गादी आणि दोर.

"बावली कुठं हाय?" जमादारांनी विचारले.

"देवळामागे," मी म्हणाले.

"एकलीच सोडली?"

"दिवसभर बायका असतात तिच्यापाशी."

"मारती-बिरती का?"

"मारत नाही हो. पण जवळ गेलेल्याचा पाय काही धड राहत नाही."

"उमर काय?"

"दोनशे वर्षं तरी असेल."

जमादारांनी अर्जाखालचे नाव वाचले, माझ्याकडे पाहिले आणि दाईला हळूच म्हणाले, "हीच हाय. दोर ऱ्हाऊ दे, गरीब दिसून राहिली."

दाईने माझा हात धरला. (फार मायेने धरला होता.) बाळापूरच्या बाजाराला निघालेले लोक थांबून पाहू लागले. मी मोकळ्या हाताने देवळामागे बोट दाखवत राहिले. शेवटी खाला बाजेवरूनच ओरडल्या, "ओ जमादार, बावली म्हंजे बारव! पोरीला काहून नेता?"

कय्युमसाहेब गाडीचे चाक धरून हसले. मग त्यांनी खालांचा पाय पाहिला, बारवेचे पाणी बाटलीत घेऊन उजेडात धरले, आणि हसणे थांबले. चौथ्या दिवशी पाण्यात टाकायचे औषध आले. हुकूम जुनाच होता, "बावलीचा इलाज करावा". त्यात एक अक्षरही बदलावे लागले नाही. आता तीन महिने औषध पडते आहे आणि खाला काठी घेऊन अंगणात येतात. कचेरी, दवाखाना, ठाणे आणि ते बैल, या सर्वांची मी ऋणी आहे.

आपली भाची,
विजया

ता. क. आपण भाचीच्या मायेपोटी दप्तरात वेडी म्हणून माझे नाव लागल्याची चूक दुरुस्त करायला जाल, या भीतीनेच खरे तर हे पत्र लिहिले. कृपा करून करू नका. कय्युमसाहेब सांगतात, बारवेला औषध वर्षातून एकदाच मिळते. वेड्या बाईला मात्र बरी होईपर्यंत दर महिन्याला. तरी माझ्या नावापुढे दरमहा "फरक नाही" असे लिहीत जावे.

ता. क. दुसरा. आपल्याला खोटे लिहायला लावते आहे, हे जिवाला फार लागले, म्हणून बाबांना विचारले. त्यांनी हे पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाले, "पाठव. नोंद बराबर आहे."