बाजूच्या भूमिकेतले सर

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला डोळे मिटावे लागतात. दमले आहे. आठवडाभर सभा करून घसा बसलाय. आज भोकरदनहून नवीन जालन्यात घरी परतले, आणि बोलायचा कंटाळा आला म्हणून हे लिहिते आहे.

माझी लेक नववीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ती मधेच अडली, पुढचं वाक्य आठवेना, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "आईला बोलव, आईला!" तेव्हापासून ती शाळेत गेलेली नाही. मी तिला सगळं सांगून पाहिलं. भरल्या मैदानाला उभं करणारी माझी वाक्यं एका पोरीला पलंगावरून उठवू शकली नाहीत. "आई, इथं माईक नाहीये," एवढंच म्हणून ती मोबाइलकडं वळली.

मोबाइलवर ती जपानी कार्टून बघते. "कार्टून नाही गं, ॲनिमे!" सभांना निघायच्या आदल्या रात्री तिच्याशेजारी बसून मीही बघितलं. शाळेची गोष्ट. नायक उभ्या केसांचा, सारखा ओरडणारा. त्याचे वर्गशिक्षक मात्र चुरगळलेल्या शर्टातले, झोप न झालेले. शाळेत न येणाऱ्या एका मुलीच्या दाराशी ते जातात, पायरीवर बसून राहतात, घाई करत नाहीत. मग गोष्ट पुढं जाते आणि ते मागं पडतात. त्यांचं घर कुठं, त्यांना कोणी आहे का, गोष्ट विचारतच नाही. इतिहास एकट्या नायकानं घडत नाही, हे मी पुस्तकांतून वाचून वाचून गावोगाव सांगत आले, आणि तरी माझ्याही भाषणात टाळी नायकालाच पडते. लेक म्हणाली, "हे सर मेन नाहीत, साईडचे आहेत. पण मी यांच्यासाठीच बघते. खऱ्यात असे सर नसतात."

असतात. मी शाळेत असतानाचं दिसतं मला: हसनाबादला आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तुम्ही बसला आहात. बदनापूरच्या स्पर्धेत तुम्ही लिहून दिलेलं भाषण विसरून मी रडत खाली उतरले, आणि तेव्हापासून शाळेत जाणं बंद केलं आहे. आई चुलीपुढं भाकरी थापतेय. "सर, बोलून बोलून जीव गेला माझा. तुम्हीच समजावा हिला." तुम्ही समजावत नाही. ठेचा मागता. "लई तिखट हाय का, ताई?" "खाऊन बघा की!" तुम्हाला ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं, आई पदर तोंडाला लावून हसते, मग मलाही हसू फुटतं. निघताना चपला घालत, माझ्याकडं न बघता म्हणता, "उद्या फळा पुसायला कोणी न्हाई. येतीस का?" दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला लागले, तर दटावलंत, "लई बोलून राह्यलीस. आधी फळा पूस." पुढच्या स्पर्धेला तुम्ही भाषण लिहून दिलं नाहीत. "तुला काय म्हणायचंय ते म्हण," म्हणालात. माझ्या हाती दिलंत ते एवढंच, आणि त्यावर मी आयुष्य काढलं.

आज घरी पोचले तर लेकीच्या वर्गशिक्षिका दारात स्कूटी लावत होत्या. तरुण आहेत. मी सवयीनं सुरू झाले: शिक्षणव्यवस्था, स्पर्धा, मुलींवरचं दडपण. तेवढ्यात लेक बाहेर आली. "आई, तू जरा गप बस ना. मॅडम माझ्याकडं आल्यात." मी चहा ठेवायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहून ऐकत राहिले. मॅडम सांगत होत्या, "अगं, बी.एड.ला पहिल्याच पाठाला मी चक्कर येऊन पडले. पोरांनी बाटलीभर पाणी ओतलं तोंडावर, अन् बेल झाली तशी पोरं निघून गेली घरी!" लेक खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी. मॅडम स्कूटीवर बसल्या तेव्हा ती फाटकापर्यंत गेली. "येते मी उद्या," तिनं आपणहून सांगितलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. कारण सर, ती हसली तेव्हा मला आनंद झाला, पण त्याच्या आधी त्या मॅडमचा राग आला.