चौथा परिच्छेद

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आमची पोर जाऊन आज तीन आठवडे झाले. अपघाताच्या चौकशीच्या साहेबांनी माझा लेखी जबाब परत पाठवला. म्हणाले, काही अर्थ लागत नाही, नीट लिहून आणा. तो सोबत जोडलाय. तू जन्मभर मुलांना निबंध शिकवलेस, मला एवढं सरळ करून दे. मी पडलो लाँड्रीतला मुकादम. चादरींच्या घड्या सांग, हजार घालीन. वाक्यांची घडी बसत नाही. ही जेवत नाही.

उत्तराची वाट पाहतो.
तुझा धाकटा

दि. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझा जबाब म्हणजे तुझं शाळेतलं दप्तर, सगळं एकात कोंबलेलं. पण मी लिहून देणार नाही. शब्द तुझेच हवेत. एका परिच्छेदात एकच गोष्ट. ती पहिल्याच वाक्यात सांग, मग तिच्यापुरतंच लिही, घडलं त्या क्रमानं. आधी पोर लाँड्रीत काय काम करायची ते. मग इस्त्रीच्या रोलरपुढची हात वाचवणारी जाळी दोन महिने काढून ठेवली होती, तू कुणाकुणाला सांगितलंस, ते. तिसऱ्यात तिची बाही अडकली ती वेळ.

एक वाक्य मात्र मशीनच्या तेलपाण्याच्या मजकुरात दडलंय. तू तिला ओरडलास की हात चालव, गाडी खोळंबलीय. मी ते तीनदा वाचलं, बाळा. ठेवायचं की नाही ते तू ठरव. ठेवलंस तर उघड ठेव.

बायकोला जप, स्वतःलाही.
तुझी ताई

दि. २१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चौथा परिच्छेद केला. त्यात तेवढं एकच वाक्य. साहेबांनी सगळं एका दमात वाचलं. दोष जाळी काढायला लावणाऱ्या मालकाचा ठरला. मला म्हणाले, चौथा नसता तरी चाललं असतं. मी म्हटलं, मला चाललं नसतं.

जबाबाची नक्कल घरी आली, ती हिनं उघडली. पोर आपणहून घाई करत होती, असं मीच हिला सांगितलं होतं. हिनं ते वाचलं. मग विचारलं, मी ओरडलो तेव्हा पोरीनं वळून पाहिलं का. मी खरं सांगितलं. पाहिलं, हसली, हो बाबा म्हणाली, आणि हात चालवला.

दुसऱ्या दिवशी ही माहेरी गेली. कधी येणार, ते मी विचारलं नाही.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही. तरी ठेव.
तुझा धाकटा