बाबांच्या डोक्यावरचा लाल दिवा

३ डिसेंबर
इंदूर सुटलं एकदाचं! ग्वाल्हेरची ही दर्पण कॉलनीतली वरच्या मजल्यावरची जागा झकास आहे. बाबांच्या खोलीत दिवसभर ऊन. अर्धांगवायूनंतर त्यांना उठता येत नाही, म्हणून आल्या आल्या धुराची बिनतारी यंत्रं लावून घेतली: स्वयंपाकघर, देवघर, बाबांची खोली. आत उजेडाची बारीक तिरीप असते. धूर शिरला की ती विखुरते, यंत्र कोकलतं आणि रेडिओलहरींनी बाकीच्यांना कळवतं. मग सगळी एकदम बोंबलतात, माझ्या फोनवरही येतं. धूर ज्याने पकडला त्याचाच लाल दिवा भराभर लुकलुकतो. खाली राहणाऱ्या घरमालकीण लीलाताई म्हणाल्या, एवढा तामझाम कशाला, मी आहे ना. मी पाटणकर बाजारात चष्म्याच्या दुकानात कामाला गेले की बाबांकडे त्याच बघणार. गोड बाई आहे.

७ डिसेंबर
बाबांना चहा पाजत होते, तर तिन्ही कोकलली! लुकलुकत होतं स्वयंपाकघरातलं. गॅस बंद, धूर नाही, काही नाही. झुरळ शिरलं असेल म्हणून ब्रशने साफ केलं. बाबांना बिचाऱ्यांना घाम फुटला होता.

८ डिसेंबर
कढईतलं तेल पेटलं. वर परात उपडी घातली, विझलं. हात भाजला. काल त्या यंत्राला उगीच शिव्या घातल्या.

११ डिसेंबर
आज देवघरातलं. निरांजनसुद्धा लावलं नव्हतं. लीलाताई हसल्या, म्हणाल्या मशीन पगला गई है तुझी. मला हसू आलं नाही.

१२ डिसेंबर
निरांजनाने देवघराचा पडदा पेटला. मी तिथेच होते म्हणून निभावलं.
आधी दिवा, मग आग. दोन्ही वेळा तसंच. भीती वाटतेय.

१५ डिसेंबर
बाबांच्या खोलीतलं लुकलुकलं. धूर नाही. बाबांना शब्द फुटत नाही, नुसते वर बघत राहिले.
हीटर काढला, वायरी काढल्या. बाबांना कॉटसकट हॉलमध्ये आणलं. खोलीला कुलूप. यंत्र तेवढं काढून हॉलमध्ये त्यांच्या डोक्यावर लावलं — बिनयंत्राचे कसे ठेवू त्यांना? पेटू दे ती खोली रिकामी.

१६ डिसेंबर, दुकानात
नवी नोकरी, रजा मागायची कशी? आले. त्या खोलीची किल्ली माझ्याजवळ आहे. जीव थाऱ्यावर नाही.

लीलाताईंचा फोन. हॉलमध्ये ऊन नाही, बाबा कुडकुडत होते म्हणे. "तू फिकर नको करू बेटा, मी कोळशाची सिगडी ठेवली आहे त्यांच्या पलंगाशी. सराफा बाजारात जाऊन लगेच येते."

सिगडी —
आणि खोली नव्हे. यंत्र. लुकलुकलं ते यंत्र होतं, मी खोली धरून बसले. तेच यंत्र माझ्या हाताने — बाबांच्या डोक्यावर —

रिक्षात. बाड्याच्या चौकात, गर्दीत अडकलेय. लीलाताई फोन उचलत नाहीत. दरवाजा बाहेरून लावला असेल त्यांनी — बाबा हाक मारणार कशी —

फोन वाजतोय. लीलाताईंचा नाही. घरचा इशारा. बाबांचं यंत्र, धूर. खरा धूर. बाबा मी येतेय, मी —