डचेसला नवं कार्पेट

२ मे, मंगळवार
ठरलं. सतरा जूनला आमची लेक हेझल लग्नासाठी चर्चमध्ये जाईल ती आमच्या डचेसमधूनच. १९६६ची गाडी, कॉव्हेन्ट्रीच्या कामगारांनी हातांनी बांधलेली. तेव्हा पत्रा पत्रा होता आणि माणूस माणूस. फक्त कार्पेटचा तांबडा रंग उतरून चहाच्या गाळासारखा झालाय. घरीच रंगवणार. दोन दिवसांचं काम.

मॉरीन म्हणाली, "आधी एखाद्या मेकॅनिकला दाखव तरी." मी बायकोला कायदा समजावला: चाळीस वर्षांपुढच्या गाडीला वार्षिक तपासणी लागत नाही. म्हणजे सरकारही मानतं, चाळीस वर्षं टिकलं ते कायमचं टिकलं. "तू शहात्तरचा आहेस," ती म्हणाली, "आणि तुला दर महिन्याला तपासायला न्यावं लागतं."

९ मे
अंघोळीच्या टबमध्ये रंग कालवला, कार्पेट बुडवलं. रंग अप्रतिम. टबही अप्रतिम. मॉरीन दार उघडून किंचाळली. तिला वाटलं, घरात खून झाला. मग म्हणाली, खून झाला असता तर निदान पोलिसांनी साफ केलं असतं.

मागच्या सीटपुढचा तुकडा रंगवायच्या आधीच ओला होता. इंग्लंडची हवा, दुसरं काय.

१३ मे
कार्पेट वाळलं. आटलंही. चारी बाजूंनी वीतभर. दोष लोकरीचा. नवं मागवलं, गाडीच्या मापाने कापून येतं. रंगवण्याची कल्पनाच चुकीची, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो.

२१ मे
शेजारचा डेस आला. कारखान्यात तो तीस वर्षं वेल्डिंगला होता आणि मी युनियनचा नेता. त्याने गाडीत डोकं घातलं, वास घेतला. "क्लिफ, दहा दिवस पाऊस नाही आणि कार्पेटखालचा नमदा ओला आहे. हे पाणी खालून येतंय. उचल तो, पत्रा बघू."

मी म्हणालो, अशा निराशावादानेच चळवळी बुडाल्या.

"चळवळींचं मला कळत नाही," तो म्हणाला. "बोटी बुडतात त्या भोक पडल्यामुळे."

२८ मे
डेस घरी नसताना नमदा उचलला. गंज आहे. वरवरचा. खात्री करावी म्हणून स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो गेला. म्हणजे पत्र्यातून आरपार गेला आणि खाली गॅरेजच्या फरशीवर पडला. तो आवाज बराच वेळ कानातून जाईना.

भोक अंगठ्याएवढं.

३० मे
भोक मुठीएवढं. मी हात लावलेला नाही.

डेसला सांगावं? तो सगळा तळ कापून नवा घालेल. महिना जाईल, आणि लग्न अठरा दिवसांवर. शिवाय त्याचं "मी सांगितलं होतं" ऐकावं लागेल. प्लायवूडची फळी टाकली, वर नमदा, वर नवं कार्पेट, भरपूर गोंद. दिसतंय तर राजवाड्यासारखं.

६ जून
चाचणी घेतली. गाडी उत्तम. तिसऱ्या मैलानंतर मागून टकटक सुरू झाली, वेगाबरोबर वाढणारी. रेडिओ लावला. थांबली.

मागची सीट किंचित तिरकी वाटते. रस्ताच तसा असावा.

११ जून, रविवार
हेझल आली. कार्पेटवरून हात फिरवून म्हणाली, "बाबा, काय सुरेख झालंय! पण मघाशी डेसकाका गाडीकडे बघत नुसते गप्प का उभे होते?" मग थेट विचारलं, "सुरक्षित आहे ना?"

एका यंत्राला संरक्षक जाळी नव्हती म्हणून १९७९ साली मी नऊशे माणसं कारखान्याबाहेर काढली होती. मॅनेजरच्या टेबलावर मूठ आपटून विचारलं होतं, तुमची मुलगी उभी कराल इथे?

हेझलला म्हणालो, "अर्थात." मूठ आपटली नाही.

१६ जून
कार्पेट उचलून बघितलं नाही. बघितलं की वाढतं.

बॉनेटवर पांढऱ्या फिती बांधल्या. गाडीखाली तपकिरी चुरा पडला होता, झाडून काढला. तासाभराने पुन्हा तेवढाच.

१७ जून, संध्याकाळी सहा
अकरा वाजता हेझल गाडीत बसली. इंजिन सुरू होतं. मी तिच्या बाजूचं दार लावलं. मोठा आवाज वगैरे झाला नाही. चहात बुडवलेलं बिस्कीट मोडावं, तसं काहीतरी. सीट एका बाजूला खचली आणि तिचा डावा पाय फळी, नमदा, कार्पेट सगळ्यासकट खाली गेला. बूट जमिनीला टेकला. गाडी अजून आमच्या दारातच होती. हेच दोन मैल पुढे, उतारावर...

डेसने धावत येऊन इंजिन बंद केलं, तिला धरून बाहेर काढलं. नडगीवर एक लांब ओरखडा, बाकी काही नाही. ती रडली नाही. मला म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

मी सुरुवात केली, की मुळात सरकारच्या तपासणीच्या धोरणातच...

"बाबा. हो की नाही?"

"हो."

सगळे डेसच्या व्हॅनमधून गेलो. चर्चच्या दारात, मुलीचा बाप करतो तसा, मी हात पुढे केला. हेझलने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "आज मी एकटीच चालत जाते," ती म्हणाली. "तुम्ही आईजवळ बसा."

मी जाऊन बसलो.