दुरुस्तीची चेष्टा

बाबा, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं आई म्हणायची. मी इतकी वर्षं पाळलं. पण परवा माळा आवरताना तिचं अ‍ॅल्युमिनियमचं जुनं पातेलं हाताला लागलं, आणि तुमची अशी शिसारी आली की म्हटलं, आता लिहूनच टाकावं. आठवतंय? लखनौला, विकास नगरच्या त्या वीतभर स्वयंपाकघरात आईनं सकाळची कढी संध्याकाळपर्यंत त्यातच राहू दिली होती. तुम्ही पातेलं रिकामं करून खिडकीशी धरलंत, तळाचे टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दाखवलेत आणि पाहुण्यांच्या देखत तिला झाडलंत. "अ‍ॅल्युमिनियमला गंज चढत नाही म्हणणारे गाढव! ते आतून पिठासारखं होतं. वरून बघणाऱ्याला काय कळणार?" आई पदराला हात पुसत उभी होती आणि मला मात्र तुमचा केवढा अभिमान वाटला होता. माझ्या बाबांना धातू कळतो! कळत होता, हीच तर घाण आहे सगळी. न कळणाऱ्या माणसाला मी केव्हाच माफ केलं असतं.

त्याच वर्षी, उन्हाळ्यात, तुम्ही मला गोमतीकाठच्या शेडमध्ये नेलंत. पुरासाठीच्या नावा तिथे ठेवलेल्या असायच्या आणि तुम्ही तिथले सुपरवायझर. दोन दिवसांनी मोठे साहेब पाहणीला यायचे होते, म्हणून एका जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या नावेला नवा रंग द्यायचा होता. मी बी.ए.ला, अक्षर चांगलं, तेव्हा बाजूवरचे आकडे मी काढायचे. निशातगंजातून माझ्यासाठी खास तीन ब्रश आणलेत. मी हरखले होते हो! शेजारच्या नाल्याचा वास नाकात बसत होता आणि नाव ठोकळ्यांवर पालथी पडली होती. चाचा तिचा तळ खरवडत होते. म्हातारे मल्लाह, म्हणजे नावाडी, रोजंदारीवरचे, सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. रंगाला फोड आले होते, आणि फोड फुटला की खालून पांढरी भुकटी सांडायची. त्यांनी एका खड्ड्यावर स्क्रूड्रायव्हर ठेवून नुसता दाबला, तर तो आरपार गेला.

"साहब, यहाँ पैबंद लगेगा," ते म्हणाले, म्हणजे पत्र्याचं ठिगळ. "पूरा छीलना पड़ेगा, तब पेंट पकड़ेगा। पुट्टी पानी में कै दिन टिकेगी?"

तुम्ही वाकून पाहिलंत. बोट त्या भुकटीत फिरवलंत. कढीच्या पातेल्याकडे पाहिलं होतंत तसंच पाहिलंत, आणि म्हणालात, "पुट्टी भरो और दो हाथ मारो। परसों इसे पानी में थोड़े ही उतारना है।" चाचांनी पुन्हा तोंड उघडलं, तर तुम्ही त्यांना गप्प केलंत. मी सगळं ऐकलं, आणि पुट्टीवर दिलेला नवा निळा रंग वाळल्यावर त्यावर पांढरे आकडे काढले. सुरेख आले होते. साहेबांनी लांबूनच पाहून मान डोलावली आणि तुम्ही संध्याकाळी बालूशाही घेऊन घरी आलात. वरून कीर्तन, आतून तमाशा; आणि आम्ही ती बालूशाही मिटक्या मारत खाल्ली.

पावसाळ्यात पाणी चढलं तेव्हा तीच नाव उतरवावी लागली. पुट्टी सुटली, नाव भरली, काठाजवळच बसली. पाणी छातीइतकंच होतं, माणसं भिजून बाहेर आली, म्हणून वाचलात. खुलासा मात्र मागितला गेला. तुम्ही जेवणाच्या टेबलावर बसून तो हिंदीत लिहिलात: चाचांनी भोकं लपवली, तुम्हाला सांगितलंच नाही. तुमची हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' जोडलेलं, म्हणून नेहमीप्रमाणे कागद माझ्यापुढे सरकवलात. "फेअर करून दे गं, सुवाच्य." आई पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं, तुमच्याकडे पाहिलं, आणि परत लाटायला लागली. मी फेअर केलं.

चाचांना काढल्यावर ते आपल्या दाराशी आले. तुम्ही आतल्या खोलीत गेलात आणि मला हातानं खूण केलीत. मी म्हटलं, "पापा घर पे नहीं हैं, चाचा." तुमच्या चपला दारातच होत्या. त्यांनी चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अच्छा बिटिया। साहब आएँ तो कहना, बस इतना लिख दें कि हमने कोशिश करी थी। इतने में हमारी रोज़ी बच जाएगी।" मी हो म्हटलं आणि दार लावलं. तुम्ही बाहेर येऊन विचारलंत, "गेला?" आणि चहा मागितलात. बाबा, त्या एका शब्दाची मला आजही किळस येते. "गेला?" जसं काही कुत्रं हाकललं.

हे सगळं मी मनातल्या मनात तुम्हाला शंभरदा ऐकवलंय. एक गोष्ट मात्र कधीच सांगितली नाही. तुमच्या त्या कच्च्या कागदात शेवटचं वाक्य होतं: "उक्त कर्मचारी ने मरम्मत की चेष्टा की।" तुम्हाला म्हणायचं होतं, दुरुस्तीची थट्टा केली. पण हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, बाबा. लखनौला इतकी वर्षं काढून तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. मला होतं. तुमच्या त्या खोटारड्या कागदात चुकून एक खरं वाक्य येऊन बसलं होतं, आणि दाराशी येऊन चाचांनी तेवढंच तर मागितलं.

ते मी खोडलं. त्या जागी "मरम्मत में घोर लापरवाही की" असं लिहिलं, माझ्या वळणदार अक्षरात. तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, "वा, हे जास्त चांगलं झालं." मला बरं वाटलं होतं.